मधली पातळी

संगणकावर इमारतीचं मॉडेल उभं करताना पहिली रेघ भिंतीची नसते, पातळीची असते. जोत्याची पातळी, पहिल्या मजल्याची, गच्चीची. रेव्हिट या प्रोग्रॅममध्ये तिला लेव्हल म्हणतात, आर्किकॅडमध्ये स्टोरी. या रेघेला जाडी नाही, वजन नाही, तिच्यावर कधी कुणी पाय ठेवत नाही. तरी नंतर येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू तिच्या आधाराने राहते. भिंत कुठून उठायची आणि कुठे थांबायची, दार कुठल्या जमिनीवर बसायचं, खोलीची उंची कुठपासून मोजायची, हे पातळ्या सांगतात. नव्या कामात पातळ्या मांडण्याचा तो थोडा वेळ मला अजूनही फार आवडतो. एकही वीट रचलेली नसते आणि घराची उंची ठरून गेलेली असते.

उभ्या इमारतीत, दोन मजल्यांच्या मधे नवी पातळी घालणं हे मात्र निराळं काम आहे. तिथे भिंती आपापल्या जागी आहेत, खिडक्या उघडतात-मिटतात, माणसांचे पाय त्या जमिनीला सरावले आहेत. अशा घरात उशिरा येणाऱ्या पातळीने आधीच्यांना धक्का न लावता स्वतःची जागा शोधायची असते. संगणकावर ती रेघ काढायला काही क्षण पुरतात. तिला तिथे राहायचा हक्क आहे का, हे ठरवायला फार वेळ लागतो, आणि लागायलाच हवा.

सध्या माझ्यासमोर एका तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय आहे. १९७०च्या दशकातली आरसीसी इमारत. खाली ग्रंथसंग्रह, वर सभागृह. खालचा हॉल १८ बाय ९ मीटर आणि त्याच्या जमिनीपासून सभागृहाच्या जमिनीपर्यंत उंची ५.४० मीटर. ज्यांनी ही उंची ठेवली त्यांना आपल्याकडचा मे महिना ठाऊक होता. लांब बाजूच्या एका भिंतीत उंच खिडक्या आहेत, कंबरेच्या उंचीपासून ३.६० मीटरपर्यंत जाणाऱ्या, आणि दुपारी तीन वाजतासुद्धा कपाटांच्या पाठच्या बाजूपर्यंत उजेड पोचतो. सकाळी दार उघडायच्या आधीच स्पर्धा परीक्षेची मुलंमुली पायऱ्यांवर येऊन बसतात. टेबलं पुरत नाहीत. ग्रंथपाल बाईंनी मला कपाटांमधला बोळ दाखवला. तिथे दोन मुली जमिनीवर चटई टाकून टिपणं काढत होत्या आणि त्यांच्या अंगावरून पाय टाकून बाकीचे ये-जा करत होते. आवारात बांधायला जागा नाही. वर मजला चढवावा तर पाया तेवढ्यासाठी घातलेला नाही. उरली ती हॉलमधली उंची.

“मॅडम, एवढी उंची नुसती वायाच चाललीय बघा,” कार्यवाह म्हणाले.

ती वाया चालली आहे असं मला वाटत नाही. तिनेच इतकी वर्षं तो हॉल थंड ठेवला. पण चटईवरच्या त्या मुली माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत, आणि त्यांच्यासाठी तिच्यातला एक भाग मागून घ्यायला हरकत नाही, असंही मला मनापासून वाटतं.

रेव्हिटमध्ये प्लॅन उघडून नवी लेव्हल काढता येत नाही. प्लॅन म्हणजे एका पातळीवर उभं राहून खाली पाहणं; तिथून पातळी स्वतः दिसत नाही. त्यासाठी इमारत उभी कापावी लागते किंवा बाहेर जाऊन तिच्यासमोर उभं राहावं लागतं. सेक्शनमध्ये नाहीतर एलिव्हेशनमध्येच ती रेघ उमटते. या अटीबद्दल मला त्या प्रोग्रॅमच्या कर्त्यांचा आदर वाटतो. मधला मजला मागणारा माणूस नेहमी प्लॅनमधून मागत असतो: इतके चौरस मीटर वाढतील, इतकी टेबलं बसतील. सेक्शन त्याला डोक्याची, मानेची, हवेची आठवण करून देतो.

सेक्शनमध्ये गेल्यावर पहिलं काम नवी रेघ काढण्याचं नसतं. मी आधी जुन्या पातळ्या पिन करते, म्हणजे चुकूनही हलणार नाहीत अशा खिळवून टाकते. मॉडेलमधल्या पातळीला धरून इतकं काही उभं असतं की ती १५ सेंटिमीटर वर सरकवली तर सभागृहाची जमीन, दारं, व्यासपीठ, खुर्च्या, सगळं मुकाट्याने वर जातं. भिंती लांबतात, कॉलम वाढतात. उंची कमी पडत असेल तर हा मोह फार मोठा असतो, कारण पडद्यावर तो अडचण चुटकीसरशी सोडवतो. गावातली इमारत मात्र जिथे आहे तिथेच राहणार. आर्किकॅडमध्ये हा धोका आणखी जवळ असतो. तिथे दोन मजल्यांच्या मधे मजला घुसवला की वरचे मजले त्याच्या उंचीइतके वर ढकलले जातात आणि त्यांचे क्रमांकही बदलतात. कालचा पहिला मजला आज दुसरा होतो. नव्या इमारतीच्या आराखड्यात ही सोय उपयोगाची आहे. जुन्या इमारतीत मात्र मधली पातळी घुसवायची नसते, होत्या त्या उंचीत बसवायची असते. या दोन कामांतला फरक ज्याला कळला त्याच्या हाती मी कुठलंही जुनं घर निर्धास्तपणे देईन.

इमारतीतल्या एका वस्तूचं वर्णन संगणकात एकदाच करावं आणि सगळे नकाशे त्या एका वर्णनातून निघावेत, म्हणजे बदल एकदा केला की सगळीकडे उमटेल, हा विचार संशोधक चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ साली मांडला. ड्रॉइंग बोर्डवर दिवस काढलेल्या माणसाला त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. मजल्याची उंची बदलली की प्लॅन, सेक्शन, एलिव्हेशन, जिन्याचा तपशील असा प्रत्येक कागद ब्लेडने खरवडून पुन्हा काढावा लागायचा, आणि एखाद्या कागदावर जुना आकडा राहूनच जायचा. तो एक आकडा साइटवर एखादी पायरी उंच करून ठेवायचा. आज तसं होत नाही. पण त्या खरवडण्यात हात प्रत्येक कागदावरून जायचा, आणि बदल कुठे कुठे पोचतो आहे हे हातालाच कळायचं. आता ते पोचणं आपोआप होतं, म्हणून ते मुद्दाम फिरून पाहावं लागतं. मी तशी फिरते, एकेक दृश्य उघडून.

आता आकड्यांकडे येते, कारण या गोष्टीचा जीव त्यांच्यात आहे. ५.४० मधून वरच्या जमिनीची फरशी आणि खडीचा थर ५ सेंटिमीटर वजा केला. स्लॅबच्या माथ्यापासून बीम ६० सेंटिमीटर खाली उतरतो. म्हणजे बीमच्या तळाखाली ४.७५ मीटर मोकळे. नॅशनल बिल्डिंग कोड मेझनाइनला, म्हणजे मधल्या मजल्याला, किमान २.२० मीटर उंची मागतो. वर २.२० आणि खाली २.२० धरले तर ४.४० झाले. नव्या जमिनीची सगळी जाडी, तिच्या खालचं लोखंड, वरचा थर आणि हातून होणारी कमी-जास्त, हे सगळं ३५ सेंटिमीटरमध्ये बसवायचं.

तेवढ्यावर निभलं असतं तर बरं होतं. लेसर मीटर घेऊन एकेका बीमखाली मोजत गेल्यावर दिसलं की पूर्वेकडच्या टोकाला ४.७५ भरतात आणि पश्चिमेकडे ४.७१. शटरिंग थोडं दबलं असेल किंवा काँक्रीट तसंच ओतलं गेलं असेल. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, येण्याचं कारणही नव्हतं. मॉडेलमधली पातळी अशी कललेली असू शकत नाही. ती इकडून तिकडे सरळच जाते. खऱ्या इमारतीत पाण्याच्या नळीला धरून केलेलं बांधकामही थोडं थोडं वरखाली होत जातं. हिशेब धरायचा तो सगळ्यांत खालच्या जागेचा. ३५चे ३१ झाले. शेवटी नवी पातळी आली २.४८ मीटरवर. जमिनीची एकूण जाडी २४ सेंटिमीटर: १५ सेंटिमीटरचे आय सेक्शन, त्यावर पत्र्याचं डेक आणि काँक्रीट, वर पातळ फिनिश. खाली २.२४ मोकळे, वर सगळ्यांत अडचणीच्या बीमखाली २.२३. एका बाजूला ४ सेंटिमीटर शिल्लक, दुसऱ्या बाजूला ३. बीमच्या मधल्या खणात उंची भरपूर आहे, म्हणून टेबलं तिथे आणि जायचा रस्ता बीमखालून.

ही रेघ काढण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. लेव्हलच्या हत्याराने काढली तर तिच्यासोबत तिचा प्लॅन आपोआप जन्मतो. शेजारच्या लेव्हलची नक्कल करून आणली तर रेघ येते, उंचीही येते, पण प्लॅन येत नाही. तिच्या डोक्यावरची खूण निळ्याऐवजी काळी असते. ऑफिसात नवीन आलेली मुलं अशा वेळी बावरून विचारतात, “मॅडम, लेव्हल आहे पण प्लॅनच दिसत नाहीये.” मी त्यांना सांगते की उंची मिळाली म्हणून तिथून पाहायची जागा मिळत नाही, ती वेगळी मागावी लागते. काही पातळ्यांना ती द्यायचीही नसते. लिंटेलची किंवा बीमच्या तळाची पातळी नुसती संदर्भाला असते. तिथे उभं राहून कुणी जगाकडे पाहणार नसतं. आमच्या या पातळीवर मुलं दिवसभर बसणार आहेत. तिला प्लॅन हवाच.

आणि तो उघडला की जुन्या भिंतींचा प्रश्न येतो. हॉलची भिंत जमिनीपासून वरच्या मजल्यापर्यंत एकसंध आहे. मधे नवी पातळी आली म्हणून ती त्या रेघेवर कापून वर एक, खाली एक अशी दोन करण्याची सवय पुष्कळांना असते, कारण मग मोजमापं निघायला सोपी जातात. मी ती कापू देत नाही. ती भिंत एका दमात बांधली गेली, तिच्या गिलाव्यात तिथे सांधा नाही, तर मॉडेलमध्येही नसावा. रेव्हिटमध्ये भिंतीला, दाराला, जिन्याला फेज असते. जुनं काय, नवं काय, तोडायचं काय, याची नोंद प्रत्येक वस्तू स्वतःजवळ बाळगते. लेव्हलला मात्र फेज नसते. जुनी पातळी आणि काल काढलेली पातळी, दोघी एकाच रंगात, एकाच जाडीत बसलेल्या असतात. म्हणून कोण आधीची आणि कोण पाहुणी, हे काढणाऱ्याने लक्षात ठेवायचं. मी नावातच लिहून टाकते: “मेझनाइन, नवीन”. वरच्या मजल्याचं नाव आणि दारांचे क्रमांक जसेच्या तसे ठेवते. गावाच्या तोंडी वरचा हॉल म्हणजे पहिला मजला, तो पहिलाच राहू द्यावा.

खिडक्यांनी सगळ्यांत जास्त विचार करायला लावला. नवी जमीन २.४८ वर आणि खिडकी ३.६० पर्यंत. जमीन भिंतीला नेऊन भिडवली तर प्रत्येक खिडकी मधेच कापली जाणार, खालच्या वाचकाचा उजेड जाणार आणि बाहेरून पाहणाऱ्याला काचेतून लोखंड दिसणार. म्हणून जमीन खिडक्यांच्या भिंतीपासून १.२० मीटर आत थांबवली. तिथे कठडा, आणि कठड्याच्या पलीकडे वरून खालपर्यंत तोच जुना उजेड. कोडप्रमाणे मेझनाइनचं क्षेत्रफळ इमारतीच्या जोत्याच्या एक तृतीयांशाहून जास्त नसावं. आम्ही नुसत्या हॉलचाच हिशेब धरला, तरी ५४ चौरस मीटर मिळतात. खिडक्यांसाठी मागे सरकल्यावर ४६.८ उरले. कार्यवाहांना हे सात चौरस मीटर सोडणं जड गेलं. मी त्यांना हॉलमध्ये नेलं, दोन मुलांना बांबूला बांधलेली ताडपत्री त्या उंचीवर धरायला सांगितली, आणि खालच्या खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचायला दिलं. भिंतीला भिडवून धरली तेव्हा आणि मागे घेतली तेव्हा. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

मधल्या पातळीची हौस आपल्याला संगणकाने लावलेली नाही. गिरगावातल्या चाळीत माझ्या मामाकडे पोटमाळा होता. एका खोलीत सात माणसं. शिडीवरून वर गेलं की उभं राहता यायचं नाही, गुडघ्यांवर सरकायचं. तिथे गाद्या, पापडांचे डबे, गणपतीची मखरं, आणि त्यांच्यामधे मोकळ्या केलेल्या दोन हात जागेत मामाने पडून पडून मॅट्रिकचा अभ्यास केला. एप्रिलमध्ये वरचं छप्पर तापलं की तो ओला पंचा डोक्यावर घ्यायचा. त्या जागेने त्याला शिकवलं, यात शंका नाही. पण पुढच्या पिढीला अभ्यासाला जागा द्यायची तर पाठ ताठ ठेवून बसता येईल अशीच द्यावी, हा हट्ट माझ्यात तिथून आला आहे.

तो पोटमाळा लाकडी होता, हलका होता. आरसीसीच्या इमारतीत मधे जमीन घालताना जो खरा धोका आहे तो मॉडेलमध्ये कुठेही लाल होऊन दिसत नाही. साधा विचार असा असतो की कॉलम आहेतच, त्यांनाच अर्ध्या उंचीवर बीम जोडू आणि वर स्लॅब टाकू. उभ्या भाराच्या हिशेबात हे चालूनही जाईल. पण कॉलमच्या मधोमध बीम अडकवला की त्या कॉलमची मोकळी लांबी अर्धी होते, आणि लांबी अर्धी झाली की आडव्या हालचालीला त्याचा ताठपणा आठ पट होतो, कारण तो लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. भूकंपात एका मजल्याचे सगळे कॉलम वरच्या टोकाला सारखेच सरकतात, आणि जो कॉलम सगळ्यांत ताठ असतो तो सगळ्यांत जास्त जोर स्वतःकडे ओढून घेतो. तेवढ्या जोरासाठी त्यात सळई घातलेली नसते. तो तिरका चिरतो, इंग्रजी एक्स अक्षरासारख्या भेगा पडून. इंजिनिअर याला शॉर्ट कॉलम म्हणतात. आयआयटी कानपूर आणि बीएमटीपीसी यांच्यासाठी सी. व्ही. आर. मूर्ती यांनी सोप्या भाषेत भूकंपाविषयी टिपा लिहिल्या, त्यांतली एक याच विषयावर आहे. दोन मजल्यांच्या मधे घातलेलं मेझनाइन किंवा लॉफ्ट हे त्यात या दोषाचं एक कारण म्हणून सांगितलं आहे. कोयनेचा १९६७चा आणि किल्लारीचा १९९३चा भूकंप ज्या राज्याने सोसला, त्या राज्यात ही टीप प्रत्येक नगरपालिकेच्या भिंतीवर लावावी असं मला वाटतं.

म्हणून वाचनालयातली नवी जमीन जुन्या एकाही कॉलमला शिवत नाही. तिला तिचे स्वतःचे लोखंडी खांब, त्यांना स्वतःचा पाया, आणि जुन्या काँक्रीटपासून चारी बाजूंनी मोकळी फट. फट किती हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने हिशेबाने काढून दिलं. दोघं आपापल्या चालीने हलतील, एकमेकांवर आदळणार नाहीत. उद्या वाचनालयाची मोठी इमारत झाली आणि हा मजला नको झाला, तर बोल्ट काढून तो उतरवता येईल आणि हॉल पुन्हा जसा होता तसा होईल. मला या कामातली सगळ्यांत समाधानाची गोष्ट हीच वाटते.

वर काय ठेवायचं, हा प्रश्न ग्रंथपाल बाईंचा होता. त्यांना वाटत होतं की कपाटं वर न्यावीत आणि खाली मुलांना मोकळं बसवावं. पण पुस्तकं जड असतात. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या खोलीच्या जमिनीला दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन भार धरतात, ग्रंथांच्या कपाटांच्या खोलीला ६. तिप्पट. तेवढ्या भाराला १५ सेंटिमीटरचे आय सेक्शन पुरले नसते, जमिनीची जाडी वाढली असती, आणि ती ३१ सेंटिमीटर आमच्या हातून गेली असती. तेव्हा पुस्तकं जिथे होती तिथेच, जमिनीवर, माणसं वर. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मग पुस्तक घ्यायला मुलं खाली येतील. येऊ देत. नाहीतर नुसती स्वतःचीच गाइडं वाचत बसतात.”

जिना १७ पायऱ्यांचा झाला. सार्वजनिक इमारतीत पायरी १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावी. २.४८ ला १६ ने भागलं तर थोडं जास्त येतं, १७ ने भागलं तर साडेचौदाच्या आसपास. म्हणून १७. त्या पातळीत पुढे एक सेंटिमीटरही बदलला तर सगळ्या पायऱ्यांचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल, हे मी नकाशावर ठळक लिहून ठेवलं आहे.

लेव्हलच्या गुणधर्मांत एक छोटा चौकोन असतो, ही पातळी इमारतीचा मजला धरायची की नाही असं विचारणारा. मॉडेल दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे पाठवताना त्या उत्तरावरून मजले मोजले जातात. मी तिथली खूण काढून टाकली आहे. कोड मेझनाइनला खालच्या मजल्याचाच भाग मानतो, आणि आमचं मॉडेलही तेच सांगेल. इमारत दोन मजल्यांची आहे, ती दोनचीच राहील.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या दुकानात, शाळेत, दवाखान्यात, गोदामात मधला मजला असेल. काहींनी तो घालायचं ठरवलंही असेल. एकदा खाली उभं राहून वर पाहा, तो कशावर टेकला आहे ते. जुन्या आरसीसी कॉलमला अर्ध्या उंचीवर बीम जोडलेला दिसला, तर चालढकल न करता स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून दाखवा. आणि अजून काम सुरू व्हायचं असेल, तर फॅब्रिकेटरला फोन करायच्या आधी इंजिनिअरला बोलवा.